मालनबाईचा मुराळी

मालनबाई वर्षातून एकदाच माझी गिऱ्हाईक असायची. बाकीचे सगळे दिवस मी तिची. पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, मी राहतेही तिथेच, पण माझ्या स्वतःच्या नावावरची. समोर जमिनीवर मांडलेला तिचा पालेभाजीचा पाट. मेथी, शेपू, कोथिंबीर. जुडी उलटीसुलटी करून घासाघीस करणाऱ्या बाईला ती असं काही सुनवायची, की बाई मुकाट पैसे काढायची. पोलिसालाही ती घाबरायची नाही. पण चैत्र संपत आला की हीच बाई मऊ पडायची. पिशवीतून एक नवी साडी काढून माझ्या मशीनवर ठेवायची आणि म्हणायची, "ताई, आखाजीच्या आत द्या बरं. भाऊ येणार शे."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आम्हा शहरातल्यांना त्या दिवशी आमरस आणि झालंच तर सोन्याच्या दुकानातली गर्दी आठवते. मालनबाई सटाण्याच्या पुढच्या एका गावची. तिकडे बागलाणात आखाजी हा लेकींचा सण. लग्न झालेल्या पोरी माहेरी जमतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात आणि दोन-चार दिवस त्यांना कुणी 'ऊठ' म्हणत नाही. मात्र लेकीनं आपली आपण पिशवी उचलून जायचं नसतं. माहेरचा पुरुष न्यायला यावा लागतो. बाप, भाऊ, नाहीतर भावाचा मुलगा. त्याला मुराळी म्हणतात. तो सासरी येतो, पाणी पितो, 'न्यायला आलो' म्हणून थोरामोठ्यांना सांगतो आणि मग ती निघते. जिचा मुराळी येत नाही ती घरीच राहते, आणि येत नाही हे सगळ्या गल्लीला दिसतं.

मालनबाईचा मुराळी कधी चुकला नव्हता. आधी तिचे वडील यायचे, धोतर-टोपीत, माझ्याच दुकानातल्या स्टुलावर टेकायचे आणि लेक पाट आवरेपर्यंत शेजारच्या टपरीवरचा चहा प्यायचे. ते थकल्यावर सोमनाथ यायला लागला, तिचा एकुलता भाऊ. त्यानं परत सोडताना दिलेली साडी ती पुढच्या आखाजीपर्यंत घडीत ठेवायची आणि मग फॉलला माझ्याकडे आणायची. भाऊ आला की ती बाजारातून जरा उगीचच लांबच्या वाटेनं जायची. मला हसू यायचं. पण खोटं कशाला बोलू, थोडं पोटातही दुखायचं.

कारण माझ्याकडे कुणी येत नाही. आमचे वडील गेले तेव्हा भावांनी माझ्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला होता. जमिनीतला वाटा बहिणीनं भावाला सोडून द्यायचा आणि बदल्यात साडी-चोळी घेऊन 'माझं माहेर राहू द्या' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. कायदा बदलला, मुलीला मुलाइतका वाटा आला, पण रीत कुठे कायदा वाचते? मी नाही म्हटलं. वाटा घेतला, त्यातून ही जागा घेतली. त्या दिवसापासून माहेरच्या एकाही माणसानं माझा उंबरा ओलांडला नाही. पुतण्याचं लग्न झालं ते मला दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवरच्या फोटोतून कळलं. मला पश्चात्ताप नाही. पण हे गोड लागतं असंही मी म्हणणार नाही. मालनबाई माझ्याकडे बघून हळहळायची. "जागा भेटली तुम्हाला, पण माहेर गेलं ना ताई," असं ती भरदुपारी, गिऱ्हाइकांदेखत म्हणायची, आणि मला तिच्या डोक्यात कात्री घालावीशी वाटायची.

मालनबाईचे वडील गेले आणि त्यानंतरच्या पौषात सोमनाथ आला. पौषात मुराळी येत नसतो. हातात साडीचा बॉक्स, सोबत डाळिंबाची पेटी. मी मशीन थांबवून बघत राहिले. पाटाशेजारी उकिडवा बसून तो बहिणीला म्हणत होता, "आक्का, तू काय परकी शे का? सातबाऱ्यावर तुनं नाव लागनं म्हणून बँकवाला अडी बसना. एक सही करी दे. माहेर कोठे जाई राहिनं?"

तो गेल्यावर मी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. डाळिंबाची बाग आहे, विहिरीला पाणी आहे, तुम्ही उन्हात बसून मेथी विकता, उद्या नवरा आजारी पडला तर काय करणार, पोरीला काय देणार. पालथ्या घड्यावर पाणी. ती साडीचा पदर बोटांनी चाचपत होती.

"जमीन काय उरावर बांधून न्यायची शे, ताई? माणूस पाहिजे. मना भाऊ शे तो."

"मग भाऊ आहे तर वाटा दे म्हणा त्याला. वाटा दिला की भाऊपण जातं का?"

"जातं," ती म्हणाली. "तुमचं गेलं की."



तिनं सही केली. मात्र स्वतःला फार हुशार समजून एक अट घातली, आणि ती मला सांगताना तिचा चेहरा काय फुलला होता! कचेरीत जाण्याआधी तिनं सोमनाथला खंडेरावाच्या देवळात नेलं आणि भावकीतल्या चार माणसांसमोर शपथेचा बेलभंडार उचलायला लावला: मालन जिवंत आहे तोवर दर आखाजीला मुराळी येईल. "देवासमोर बोलला शे तो," ती म्हणाली. "कागद फाटतो ताई, बेलभंडार नाही फाटत." असा सौदा जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. एवढी बाग सोडून दिली, आणि मागितलं काय, तर कुणीतरी आपल्याला न्यायला यावं.

पहिल्या आखाजीला सोमनाथ नव्या गाडीतून आला. दुसऱ्या वर्षी त्याचा मुलगा मोटारसायकलवर आला आणि मामाच्या गावाला निघालेल्या पोरासारखी मालनबाई त्याच्यामागे पिशवी सांभाळत बसली. त्याच्या पुढच्या वर्षी कुणीच आलं नाही. गावातला एक टेम्पोवाला बाजार समितीत माल टाकून परत निघाला होता, तो गल्लीत हॉर्न वाजवत उभा राहिला. "सोमनाथ भाऊंनी सांगितलंय, बहिणीला घेऊन ये म्हणून." मला वाटलं आता तरी ही भडकेल. कसलं काय! कोल्हा काकडीला राजी. रिकाम्या क्रेटच्या मध्ये नवी साडी सावरत बसली आणि मला हात करून म्हणाली, "बेलभंडार पाळला बघा त्यानं."

नंतर टेम्पोही बंद झाला. आखाजीच्या आदल्या दिवशी सोमनाथचा फोन यायचा. कधी घरात पाहुणे, कधी बागेत फवारणी, कधी मुलाची परीक्षा. "आक्का, तूच ये ना बसनी. घर तुनंच शे." ती हो-हो म्हणायची आणि जायची नाही. न बोलावता, न नेता माहेरी गेलेल्या बाईला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. आखाजीच्या दिवशी ती पाट लावायची. नेहमीसारखीच भांडायची, पण गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की तिची मान वळायची. तिची फॉलला येणारी साडी थांबली.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. सहादू साधा माणूस होता, हातगाडी ओढायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेव्हा सोमनाथनं फोनवरूनच रडून घेतलं. सहादूच्या मागे राहिल्या दोन खोल्या, आमच्याच गल्लीत, त्याच्या बापानं घेतलेल्या. राहिला मुलगा रोहित, त्याची बायको पूजा, आणि राहिली मोहिनी, मालनबाईची मुलगी.

मोहिनीला मी फ्रॉकात असल्यापासून ओळखते. माझ्याकडे बसून तिनं शिलाई शिकली. बारावी झाली आणि तिला सायखेड्याला दिली, द्राक्षबागेवाल्यांकडे. स्थळ चांगलं म्हणून आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. तिला दोन मुली झाल्या, आणि दुसरीच्या वेळेपासून तिचा नवरा संतोष हात उचलायला लागला. नवऱ्याला सोडून यायचं तर यायचं कुठे? तर त्या दोन खोल्यांतली मागची एक. बापाची जागा होती, तिचा तिसरा हिस्सा होता, आणि हे तिनं माझ्यासमोर बोटावर मोजून आईला सांगितलं होतं. मागच्या खोलीत मशीन टाकीन, ब्लाउज शिवीन, पोरींना इथल्या शाळेत घालीन. एवढंच तिला हवं होतं.

पण रोहितलाही काही हवं होतं. गल्लीतली जुनी घरं एकत्र करून इमारत बांधायची असं ठरत होतं, आणि त्याला त्या बदल्यात पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट मिळणार होता. त्यासाठी आईची आणि बहिणीची हक्कसोड पाहिजे. तो वाईट मुलगा नाही, हे मी आजही म्हणते. त्यानं बहिणीला शिव्या दिल्या नाहीत, दारातून हाकललं नाही. तो तिला नुसता म्हणाला, "ताई, फ्लॅट झाला नाही तर आईला मी कुठे ठेवू?" सोमनाथपेक्षा हा चार बुकं जास्त शिकला, एवढाच फरक.

आणि मोहिनीला समजवायला कोण आलं? मालनबाई.

हे माझ्याच दुकानात घडलं. मोहिनी दोन दिवसांसाठी आली होती, धाकटी सृष्टी तिच्या मांडीवर झोपली होती. बाही लांब होती, भर उन्हाळ्यात. मालनबाई पाट शेजारणीवर सोपवून आली आणि खाली जमिनीवर बसली.

"सही करी दे, बाई. भावाशी वाकडं घेऊ नको."

"आई, मामानं तुला काय दिलं?" मोहिनीनं विचारलं.

"मामाचं सोड. रोहित तसा नाही. तो तुला न्यायला येईल. मी जिवंत आहे ना, मी पाठवीन त्याला. पाठीशी भाऊ दिसला की सासरचे दबून राहतात. खोली घेऊन एकटी बसलीस तर कोण विचारेल तुला? ह्या ताईंकडे बघ."

मी तिथेच बसले होते. दोरा ओवत होते तो सुईच्या बाजूनं गेला.

मोहिनी माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही सांगा."

"सही करू नकोस," मी म्हटलं. "भाऊ रागावेल, बोलणार नाही, लग्नाकार्याला बोलावणार नाही. खूप लागतं मनाला. पण करू नकोस."

"तुम्हाला टायफॉइड झाला तेव्हा भाऊ आला होता का?" मालनबाई माझ्यावर उसळली. "मी आले पेज घेऊन. भाऊ आला?"

"नाही आला. पण ती पेज मी माझ्या छपराखाली प्याले, मालनबाई."

"छपराला काय करायचं, माणूस नसेल तर!" ती म्हणाली आणि रडायला लागली. हे ती लेकीला फसवायला म्हणत नव्हती, खरंच मानत होती. तिचा स्वतःचा मुराळी कित्येक वर्षं आला नव्हता, तरी मानत होती. मला तिचा राग आला, आणि तितकीच तिची कीव आली. भावाचं पाप तिनं कधी भावाच्या पदरात घातलंच नाही. तिच्या मते चूक तिच्या नशिबाची होती, रीतीची नव्हती.

मोहिनीनं सही केली. माझं तिनं ऐकलं नाही, पण आईच्या बोलण्यानंही केली नाही. "आईला कुठे ठेवू" या एका वाक्यानं केली. आईच्या डोक्यावरचं छप्पर तिच्या सहीवर टांगून ठेवलं होतं. ती दुसरं काय करणार? कचेरीतून येताना ती माझ्याकडे थांबली, पाणी प्याली आणि निघताना म्हणाली, "मावशी, तुमची मशीन विकायची झाली तर मला सांगा." मग स्वतःच हसली. मशीन ठेवणार कुठे होती ती?

यंदाची आखाजी आली. खोल्या पडल्या होत्या. मालनबाई फ्लॅटवर राहायला गेली होती, तिथून दोन बस बदलून पाटावर यायची. आखाजीच्या चार दिवस आधीपासून ती रोहितच्या मागे लागली होती, की मोहिनीला आणायला जा. त्याची सुट्टी नव्हती. पूजाची मावशी येणार होती. "फोन करून टाक ना आई, येईल ती बसनं. किती लांब आहे सायखेडा?" आखाजीच्या सकाळी मालनबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, चला माझ्याबरोबर. आपणच आणू पोरीला."

मी दुकान बंद केलं. निमाणी स्टँडवरून बस धरली. चांदोरीनंतर पूल ओलांडून सायखेड्यात उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मालनबाईच्या हातात आंब्यांची पिशवी, सांजोऱ्यांचा डबा. बागांमधल्या वाटेनं ती इतकी झपाझप चालत होती की मला धाप लागली. "मुराळी बाई असते का हो?" तिनं वाटेत एकदा विचारलं. मी म्हटलं, "आजपासून असते." तेव्हा ती हसली. तो माझा मूर्खपणा होता. मला खरंच क्षणभर वाटलं होतं की आपण काहीतरी नवं करतोय.

मोहिनीची सासू बायडाबाई ओट्यावर कैऱ्या चिरत होती. तिनं पाणी दिलं, चहा टाकायला सांगितलं, सगळं रीतीनं केलं. मग विचारलं, "दोघीच? रोहित नाय आला?"

"त्याला सुट्टी नाही," मालनबाई म्हणाली. "मीच आले न्यायला. तिची आई आहे मी."

"आई हायेच की. नाय कोण म्हणतंय? पण मुराळी बाई असती का, इहीनबाई? लय झालं तर चुलतभाऊ येतो. आम्ही कुणाच्या हाती सून पाठवायची? भावाला धाडा, आत्ता पाठवते."

मोहिनी आतल्या दारात उभी होती. भरलेली पिशवी तिच्या पायाशी होती. सृष्टीनं आणि थोरलीनं नवे फ्रॉक घातले होते. संतोष खाटेवर मोबाइल बघत होता, त्यानं मान वर केली नाही.

मालनबाईनं फोन काढला. तिला तो कानाला लावून नीट ऐकू येत नाही म्हणून ती नेहमी स्पीकरवर बोलते. "रोहित, बाबा, नुसता एक तास ये. गाडीवर ये. हे लोक भाऊच यावा म्हणतायत."

"आई, मी कामावर आहे," रोहितचा आवाज सगळ्या ओट्यावर पसरला. "दरवर्षी हे लचांड लावू नको माझ्यामागे. तिला यायचं तर येऊ दे, नाहीतर राहू दे तिथेच. तिचं घर आहे ते."

बायडाबाईनं चिरलेल्या कैऱ्या टोपल्यात ओतल्या. संतोषनं मात्र आता मान वर केली आणि बायकोकडे बघितलं. सावकाश, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसला.

मी भांडले. मला राहवलं नाही. कायदा, पोलीस, वाटा, जे तोंडाला येईल ते बोलले. बायडाबाई शांतपणे म्हणाली, "तुम्ही कोण यांच्या?" मोहिनीला हाताला धरून नेली असती तर? मी म्हटलंही, चल, माझ्याकडे राहा. जिन्याखालच्या जागेत मी एकटीच कशीबशी पाय पसरते, हे तिलाही माहीत होतं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

चहा तसाच राहिला. मोहिनी आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली. मालनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, तर ती अंग चोरत होती. पाठ दुखत असावी.

"आई," ती हळू म्हणाली, "तू पुन्हा नको येऊस."

"असं नको म्हणू, बाई."

"इतके दिवस मी सांगायची, माझा भाऊ येईल, बघून घेईल. थोडं तरी भ्यायचे. आज तू स्पीकर लावलास. आता त्यांना कळलं, माझ्यामागे कुणी नाही."

आतून संतोषनं हाक मारली. तिनं सृष्टीला कडेवर घेतलं आणि वळली. फाटकाची कडी तिनंच आतून लावली.

बसथांब्यावर सावली नव्हती. आंब्यांची पिशवी तिथेच राहिली होती, डबा मालनबाईनं चुकून परत आणला होता. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. वाटत होतं, आता ही कोसळेल, सोमनाथला शिव्या देईल, रोहितला देईल, निदान मला तरी म्हणेल की ताई, तुमचं खरं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"चूक माझीच झाली," ती म्हणाली. "रोहितकडून बेलभंडार उचलून घ्यायला पाहिजे होता."